पडद्यावरचा पुरावा

माहितीपटाचे परीक्षण लिहिताना समीक्षक मांडणी, संकलन, निवेदन आणि संगीत पाहतो. पडद्यावर जे दिसले त्याचा तो जाणकार असतो. परंतु पुरावा तपासायचा तर काय दाखवलेले नाही, हेही विचारावे लागते. हा प्रश्न राहून गेला की प्रभावी मांडणी हीच सत्याची खूण वाटू लागते. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या हत्येवरील पटांच्या संदर्भात हा धोका चांगला समजतो.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस शहरात उघड्या मोटारीतून जात असताना केनेडी यांची गोळ्या झाडून हत्या झाली. हे कृत्य ली हार्वे ऑस्वाल्ड या एकट्याचे, असा निष्कर्ष वॉरन आयोगाने १९६४ मध्ये काढला. १९७९ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीने मात्र कट असण्याचा संभव वर्तवला. मुख्य आधार होता पोलिसांच्या बिनतारी संदेशांच्या ध्वनिमुद्रणाचा. त्यातील एक आवाज दुसऱ्या बंदूकधाऱ्याच्या गोळीचा आहे, असे ध्वनितज्ज्ञ म्हणत होते.

ओहायो राज्यातील एका ड्रमवादकाने या मुद्रणाची प्रत पुनःपुन्हा ऐकली. त्या आवाजांच्याच जागी त्याला काही पुसट शब्द ऐकू आले. ते पोलिसांच्या दुसऱ्या वाहिनीवरचे होते आणि गोळीबारानंतर सुमारे एका मिनिटाने उच्चारलेले होते. मग ते आवाज गोळ्यांचे कसे असतील? भौतिकशास्त्रज्ञ नॉर्मन रॅम्से यांच्या समितीने १९८२ मध्ये तपासणी करून हा पुरावा अमान्य केला. २००१ मध्ये त्यावर आक्षेप आला, २००५ मध्ये त्याचे उत्तरही प्रसिद्ध झाले.

आता समजा, एखाद्या माहितीपटात १९७९ चा निष्कर्ष सांगितला आणि १९८२ चा वगळला. त्यातले एकही वाक्य खोटे नसेल, तरी प्रेक्षकाची दिशाभूल होईल. केवळ पट पाहून समीक्षकाला हे कळणार नाही.

ऑलिव्हर स्टोन यांच्या ‘जेएफके’ (१९९१) या कथापटाचे समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी खूप कौतुक केले. तथ्यांची अचूकता हा या चित्रपटाचा मुद्दाच नाही, अशी त्यांची भूमिका होती. कथापटाला ती एक वेळ चालेल. माहितीपट मात्र ‘हे असे घडले’ असा दावा करतो. २००३ मध्ये एका माहितीपट-मालिकेच्या भागात केनेडींचे उत्तराधिकारी लिंडन जॉन्सन यांच्यावर हत्येचा आरोप करण्यात आला. तीव्र निषेधानंतर तीन इतिहासकारांनी तो तपासला आणि निराधार ठरवला. २००४ मध्ये हिस्टरी चॅनेल या वाहिनीने चूक मान्य केली.

वर्गात एक प्रयोग करता येईल. ‘जेएफके’मध्ये एकच गोळी केनेडी आणि गव्हर्नर कोनाली या दोघांना लागणे अशक्य आहे, हे दाखवण्यासाठी खुर्च्या सरळ एकामागे एक ठेवल्या आहेत. तशाच दोन खुर्च्या मांडा. मागून, उजवीकडून आणि उंचावरून एक दोरी मागच्या मुलाच्या मानेजवळून पुढे ताणा. मग पुढच्या खुर्चीऐवजी बुटके स्टूल थोडे डावीकडे सरकवून ठेवा. मोटारीत कोनालींची बैठक प्रत्यक्षात अशीच खाली आणि आत होती. दोरी आता कोठे पोहोचते, हे मुलांनाच पाहू द्या.