नावाची पाटी पितळेची : घेण्याआधी काय बघायचं?



ग्रामसंघाचं स्वतःचं सभागृह झालं, गटाला दहा-पंधरा वर्षं पूर्ण झाली, एखादी जुनी अध्यक्ष आपल्यातून गेली, की बैठकीत विषय निघतोच: "आठवणीची एक पाटी लावू या, अन् पितळेचीच लावू, म्हंजे टिकंल." विचार चांगला आहे. पण पाटीला पैसा तुमच्या बचतीतून जाणार आहे, आणि तिच्यावर जे कोरलं जाईल ते पुढची पन्नास वर्षं तसंच राहणार आहे. म्हणून पितळ म्हणजे नेमकं काय, पाटी कशी बनते, खरी-खोटी कशी ओळखायची आणि तिच्यावर नावं कोणाची घालायची, हे सगळं या लेखात एका जागी सांगते.

पितळ खाणीतून निघत नाही

तांबं खाणीतून निघतं, जस्तही खाणीतून निघतं, पण पितळेची खाण कुठेच नाही. तांबं आणि जस्त एकत्र वितळवलं की पितळ तयार होतं. साधारण तांबं 60 ते 70 भाग आणि जस्त 30 ते 40 भाग. जस्त वाढवलं तर रंग फिका पिवळा होतो आणि धातू कडक होतो. तांबं वाढवलं तर रंग लालसर आणि धातू मऊ. तांब्यात जस्ताऐवजी कथील घातलं तर ते कांसं. घरातल्या जुन्या कांस्याच्या ताटाचा रंग पितळी गुंडापेक्षा वेगळा दिसतो तो यामुळेच.

यातलं तांबं आपल्यापासून फार लांब नाही. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडला तांब्याची मोठी खाण आहे. हिंदुस्थान कॉपर ही सरकारी कंपनी ती चालवते. तिथला शंभर किलो दगड फोडला तर त्यात तांबं असतं साधारण किलोभर. तांबं महाग का, ते यावरून कळतं.

जस्ताची गोष्ट आणखी गमतीची आहे. तांबं वितळायला 1085 अंश उष्णता लागते, पण जस्त 907 अंशालाच उकळून वाफ होऊन उडून जातं. म्हणजे दगडातून जस्त काढायला जावं तर ते हाती लागायच्या आत हवेत जायचं. राजस्थानात उदयपूरजवळच्या झावर इथल्या कारागिरांनी काही शतकांपूर्वीच यावर तोड काढली. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी त्यांनी भट्टीत उलट्या लावल्या. जस्ताची वाफ देठाच्या नळीतून खाली यायची, तिथे थंड व्हायची आणि खालच्या भांड्यात जस्त जमा व्हायचं. त्या मुशींचे ढीग आजही तिथे पाहायला मिळतात.

आपल्याकडचं पितळ

आपला गोंदिया जिल्हा 1 मे 1999 ला वेगळा झाला. त्याआधी आपण भंडारा जिल्ह्यातच होतो, आणि भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचं गाव. आपल्या आज्यांच्या आंदणात आलेले गुंड, गंज आणि कोपर यांच्यामागे तांबट-कासारांची मेहनत होती. पत्रा तापवायचा, ठोकायचा, पुन्हा तापवायचा. ठोकून पितळ कडक होतं, तापवलं की परत मऊ पडतं. पुढे स्टील आलं, मग प्लास्टिक आलं, आणि कितीतरी घरांतला गुंड मोडीत गेला.

पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेचं सार ठेवलं तर ते कळकतं, हे तुम्हाला माहीतच आहे. आंबटामुळे तांबं विरघळून अन्नात उतरतं, म्हणून भांड्याला आतून कथलाची कल्हई करायची. पाटीवर कोणी जेवत नाही, तेव्हा तिला कल्हईची गरज नाही. पण आंबटाने पितळ विरघळतं ही गोष्ट ध्यानात ठेवा, पाटी घासण्याच्या वेळी ती कामी येईल.

धातूवर नाव कोरायची रीत जुनी आहे

आपल्या विदर्भात सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी वाकाटकांचं राज्य होतं. राजा रुद्रसेन वारला तेव्हा मुलं लहान होती. कारभार राणी प्रभावतीगुप्ता हिने हाती घेतला. रामटेकजवळचं नंदिवर्धन ही तिची राजधानी. तिने दिलेल्या जमिनीच्या दानाचे ताम्रपट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले लेख, आजही आहेत. एक अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धपूरचा, तर एक पुण्याला मिळालेला. या लेखांत तिने आपल्या वडिलांच्या घराण्याची ओळख दिली आहे आणि लग्नानंतरही गोत्र माहेरचंच सांगितलं आहे. कागद असता तर कधीच वाळवीने खाल्ला असता. तांब्यावर होतं म्हणून एका बाईने चालवलेला कारभार आज आपल्याला माहीत आहे.

अलीकडचं उदाहरण घ्या. स्वातंत्र्याला 25 वर्षं झाली तेव्हा, 1972 साली, स्वातंत्र्यसैनिकांना सरकारने ताम्रपत्रं दिली. काही घरांत ती अजून भिंतीवर आहेत. आणि 2023 मध्ये 'माझी माती माझा देश' अभियानात गावोगावी शिलाफलक बसवले, ते तर तुम्ही पाहिलेच असतील.

पाटी कशी बनते?

मुख्य तीन प्रकार आहेत.

1. ओतीव पाटी: वाळूच्या साच्यात वितळलेलं पितळ ओततात. अक्षरं वर उठलेली येतात. जाड, वजनदार, सगळ्यात टिकाऊ आणि सगळ्यात महाग.

2. कोरीव पाटी: तयार पत्र्यावर मशीनने अक्षरं खोदतात आणि खाचेत काळा किंवा लाल रंग भरतात.

3. रसायनाने खोदलेली पाटी: जिथे पितळ तसंच ठेवायचं तिथे लेप देतात, उरलेला भाग रसायन खाऊन टाकतं. बारीक अक्षरं आणि चित्रं यात चांगली येतात, पण खोली कमी असते. रोज घासली तर अक्षरं पुसट होतात.

काही ताया विचारतात, "घरातलं जुनं पितळ देऊन पाटी ओतून घेता येईल का?" येते. मोडीचं पितळ वितळवून चालतं, आणि प्रत्येक घरातून एक लोटा जमा झाला तर पाटीत सगळ्यांचा वाटा पडतो. फक्त दोन गोष्टी सांभाळा. देण्याआधी सगळं सगळ्यांसमोर तोला आणि वजन रजिस्टरला लिहा. आणि वितळवायचं काम ओतकाम करणाऱ्यालाच करू द्या. पितळ वितळताना त्यातलं जस्त पांढऱ्या धुरासारखं उडतं. तो धूर नाकात गेला तर थंडी वाजून ताप भरतो. घरच्या चुलीवर किंवा अंगणात असले प्रयोग नकोत.

पितळ की पितळेचा रंग?

'पितळ उघडं पडलं' असं आपण म्हणतो, कारण पूर्वी पितळेला सोन्याचा मुलामा देऊन फसवायचे. आता पितळच इतकं महाग झालंय की लोखंडाला, स्टीलला आणि प्लास्टिकलाही पितळेचा मुलामा देतात! म्हणून घेताना एवढं तपासा:

- चुंबक लावा. पितळेला चुंबक चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे. पण काही स्टीललाही तो चिकटत नाही, म्हणून एवढ्यावर थांबू नका.
- कड बघा. मागच्या बाजूला कडेला कानस फिरवायला सांगा. खरं पितळ आतपर्यंत पिवळंच असतं. आत पांढरं किंवा राखाडी दिसलं तर वरून मुलामा आहे.
- तोला. वजन हा सगळ्यात खात्रीचा हिशेब. एक घन सेंटिमीटर पितळ साधारण साडेआठ ग्रॅम भरतं. पाटी 45 सेंटिमीटर लांब, 30 रुंद आणि 3 मिलिमीटर जाड असेल तर 45 × 30 × 0.3 = 405. त्याला 8.5 ने गुणा, 3,442 ग्रॅम होतात, म्हणजे साधारण 3 किलो 400 ग्रॅम. एवढीच पाटी अल्युमिनियमची असेल तर 1 किलो 100 ग्रॅमच्या आसपास भरेल.

शेवटचा हिशेब नीट समजून घ्या, कारण खरी फसगत जाडीत होते. 'पितळेची पाटी' म्हणून दर ठरतो आणि येतो दीड मिलिमीटरचा पत्रा. पितळ खरंच असतं, पण निम्मंच! म्हणून दरपत्रक घेताना लांबी, रुंदी, जाडी आणि वजन, चारही गोष्टी लिहून घ्या. निदान तीन ठिकाणचे दर घ्या, पक्कं बिल घ्या आणि माल घेताना काट्यावर ठेवून बघा. तांब्याचा भाव रोज हलतो, म्हणून दर किती दिवस कायम राहील तेही विचारा.

आणि एक मोकळेपणाने सांगते. पैसा कमी असेल तर पितळेचा हट्ट नको. उन्हा-पावसात उघड्यावर लावायचं असेल तर काळ्या ग्रॅनाइटवर खोल कोरलेली अक्षरं उत्तम. पितळ शोभतं ते सभागृहाच्या आत किंवा पडवीत.

बसवणं आणि सांभाळणं

पाटी पितळेच्याच स्क्रूने बसवा. लोखंडी स्क्रू पितळेला लागून ओला राहिला तर लवकर गंजतो आणि गंजाचे ओघळ पाटीवर येतात. मोडीच्या भावापायी पाटी चोरीलाही जाते, म्हणून मागून बोल्ट जोडून ते भिंतीत सिमेंटने पक्के करायला सांगा.

पितळ हवेने काळपट आणि ओलाव्याने हिरवट होतं. पाटीवर पारदर्शक वार्निश मारून घेतलं तर काही वर्षं ती तशीच राहते. अशी पाटी फक्त मऊ कोरड्या फडक्याने पुसायची. तिला चिंच, लिंबू, राख, घासणी काही लावायचं नाही, नाहीतर वार्निश निघून जागोजागी डाग पडतील. वार्निश नसेल तर वर्षातून एकदा, दिवाळीला, चिंचेच्या पाण्याने हलक्या हाताने पुसा, लगेच स्वच्छ पाण्याने धुवा आणि पूर्ण कोरडी करा. अक्षरांच्या खाचेत आंबट राहिलं तर ते धातू खात राहतं.

नावं कोणाची?

ताईंनो, पाटीचा धातू दुकानदार देईल, पण हा प्रश्न तुम्हालाच सोडवायचा आहे. आपल्याकडे कोनशिलेवर नावं असतात पाहुण्यांची, पदाधिकाऱ्यांची. ज्यांनी दर महिन्याला पैसे टाकले, पहिल्या कर्जाची जोखीम घेतली, घरच्यांची बोलणी खाऊन बैठकीला आल्या, त्यांची नावं असतात फक्त गटाच्या पहिल्या रजिस्टरात. आणि ते रजिस्टर आज कोणाच्या पेटीत, कोणत्या ओलीत आहे, ते सांगता येईल का?

म्हणून माझी सूचना अशी:

- उद्घाटकाचं नाव घालायचं तर एका ओळीत घाला. बाकी जागा गटाच्या बायांची.
- ग्रामसंघात शंभर-दीडशे सदस्य असतील तर सगळी नावं 45 बाय 30 च्या पाटीवर वाचता येतील अशी बसत नाहीत. एकतर मोठी पाटी घ्या, किंवा गटांची नावं, स्थापनेची तारीख आणि सदस्यसंख्या कोरा, आणि पूर्ण यादी शेजारी काचेच्या चौकटीत लावा. फक्त अध्यक्ष-सचिवांची नावं कोरली तर बाकीच्या मनात सल राहतो.
- बाईचं नाव 'अमक्याची पत्नी' असं नको, तिचं स्वतःचं नाव आधी. सोबत नवऱ्याचं लावायचं, वडिलांचं की आईचं, हे तिलाच विचारा. महाराष्ट्र सरकारने 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव बंधनकारक केलं आहे. मग आपल्याच पाटीवर आपण मागे का राहावं?
- ज्या वारल्या किंवा गाव सोडून गेल्या, त्यांना गाळू नका. पहिलं रजिस्टर काढा आणि नावं त्यावरून घ्या.
- मजकूर बैठकीत मोठ्याने वाचा, ठरावात लिहा. प्रत्येकीने आपलं नाव स्वतः तपासून त्यासमोर सही करावी. कागदावर खोडता येतं, पितळेवर नाही.

येत्या मासिक बैठकीत एवढंच काम करा: गटाचं पहिलं रजिस्टर शोधा आणि पहिल्या सदस्यांची नावं एका कोऱ्या पानावर स्वच्छ उतरवा. पाटी पितळेची होईल, ग्रॅनाइटची होईल किंवा दोन वर्षांनी होईल. ती यादी मात्र आजच हाती पाहिजे, कारण त्या नावांची ओळख सांगणाऱ्या म्हाताऱ्या बाया आज आपल्यात आहेत.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, सालेकसा