नवोदयचं मेरिट ठरतं कसं? नंदुरबारचं गणित आणि अमेरिकेतला वाद

नवोदयच्या प्रवेशाचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘सरळ मेरिटवर घ्या ना, आरक्षण कशाला?’ दुसरं, ‘जिल्हा आदिवासींचा, मग जागा त्यांना तेवढ्या का नाहीत?’ दोन्ही बाजूंना आपलंच म्हणणं न्यायाचं वाटतं. जवळपास असाच वाद अमेरिकेतही चालू आहे, आणि तिथे मधोमध उभी आहेत आशियाई मुलं, त्यात भारतीय घरांतलीही. आजच्या पोस्टमध्ये हे दोन वाद शेजारी शेजारी ठेवून बघू.

आधी नियम

जवाहर नवोदय विद्यालय म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा. सहावीला जास्तीत जास्त ८० मुलं. दोन तासांचा पेपर, १०० गुण : मानसिक क्षमता ५०, अंकगणित २५, भाषा २५. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना. अनुसूचित जाती-जमातींना जिल्ह्यातल्या लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा, पण दोन्ही मिळून ५० टक्क्यांच्या वर नाही.

आता नंदुरबारचं गणित करा. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या ६९ टक्क्यांहून जास्त. ८० पैकी ६९ टक्के म्हणजे साधारण ५५ जागा. मर्यादेमुळे जाती-जमाती मिळून राखीव जागा होतात ४०. खुल्या यादीत नंबर लागलेली आदिवासी मुलं यात धरत नाहीत, ती वेगळी. म्हणजे मर्यादा राखीव जागांवर आहे, आदिवासी मुलांच्या संख्येवर नाही. तरीही ज्या जिल्ह्यासाठी ‘प्रमाणात’ हा शब्द सगळ्यात जास्त महत्त्वाचा, तिथेच तो पूर्ण लागू होत नाही.

मग ‘सरळ मेरिट’ लावलं तर? थांबा. नवोदयची यादी देशभराची एकच नसते, जिल्ह्याची असते. एकच यादी असती तर धडगावच्या मुलीची तुलना पुण्यात क्लास लावलेल्या मुलाशी झाली असती. ते होऊ नये म्हणून जिल्हा आणि ग्रामीण अशा दोन रेषा आधीच आखल्या आहेत. कुठलीही मेरिट लिस्ट घ्या, तुलना कोणाकोणात करायची हे कोणीतरी आधी ठरवलेलं असतं. सगळा वाद खरं तर या रेषांचा आहे.

अमेरिकेत काय झालं?

न्यूयॉर्कच्या स्टायव्हसंटसारख्या शाळांत प्रवेश एकाच परीक्षेवर होतो, आणि तुलना सगळ्या शहरात. २०१९ मध्ये स्टायव्हसंटने देऊ केलेल्या ८९५ जागांपैकी कृष्णवर्णीय मुलांना मिळाल्या फक्त ७. सगळ्यात मोठा गट आशियाई मुलांचा. त्यांतली बरीच श्रीमंत घरची नव्हती. पोटाला चिमटा काढून क्लासची फी भरणारे आईबाप परीक्षा रद्द करायला कडाडून विरोध करत होते, आणि त्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे : ‘वशिला नाही, ओळख नाही, निदान परीक्षा तरी राहू द्या.’

व्हर्जिनियातल्या थॉमस जेफरसन हायस्कूलने २०२० मध्ये रेष बदलली. प्रवेश परीक्षा काढली आणि प्रत्येक माध्यमिक शाळेतल्या आठवीच्या १.५ टक्के मुलांसाठी जागा ठेवल्या. आशियाई मुलांचं प्रमाण ७३ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर आलं. पालक कोर्टात गेले, अपिलात हरले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. पण त्याच बदलात कमी उत्पन्नाच्या घरांतली आशियाई मुलं वाढली. म्हणजे ‘आशियाई’ हा एकसंध गट नव्हताच. त्यातल्या काहींचं नुकसान झालं, काहींना पहिल्यांदा दार उघडलं.

परत सातपुड्यात

आपल्याकडच्या शब्दांतही हेच लपलेलं असतं. ‘ग्रामीण’ या एका शब्दात शहादा तालुक्यातलं बागायती गाव आणि अक्राणीतला डोंगरावरचा पाडा दोन्ही येतात. ‘आदिवासी’ या शब्दात नोकरदार शिक्षकाची मुलगी येते आणि ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या मजुराचा मुलगाही. घरात भिली किंवा पावरी बोलणारं मूल भाषेचा पेपर मराठीत सोडवतं. ती त्याची शाळेत शिकलेली भाषा आहे.

आणि तारीख बघा. २०२५-२६ साठीची परीक्षा १८ जानेवारी २०२५ ला झाली. दिवाळीनंतर जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुलं बरोबर गेली की पेपर बुडतो. पाचवी एकदाच असते, ही परीक्षाही एकदाच. अशा मुलाला कमी गुण पडत नाहीत. त्याला गुणच नसतात.

मेरिट न हलवता काय करता येईल?

इथे एक अभ्यास फार उपयोगी आहे. फ्लोरिडातल्या एका मोठ्या शालेय जिल्ह्यात हुशार मुलांच्या खास वर्गासाठी नावं शिक्षक-पालक सुचवत. २००५ मध्ये त्यांनी ठरवलं की दुसरीच्या सगळ्याच मुलांची चाचणी घ्यायची. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो यांनी २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले : निकष तोच ठेवूनही गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांची निवड बरीच वाढली. ही मुलं आधीही तितकीच हुशार होती, फक्त कोणी त्यांची चाचणी घेतली नव्हती. पुढे पैशाअभावी हा कार्यक्रम थांबला आणि आकडे पुन्हा खाली आले.

फ्लोरिडा आणि नंदुरबार एक नाहीत हे मान्य. पण कल्पना आपल्याकडे आणता येते. जिल्हा परिषदेच्या शाळांत आणि आश्रमशाळांत पाचवीतल्या प्रत्येक पात्र मुलाचा अर्ज शाळेनेच भरायचा. ज्यांचे आईबाप बाहेर जाणार आहेत त्यांची परीक्षेपर्यंत राहायची सोय आश्रमशाळेत किंवा हंगामी वसतिगृहात करायची. यात कोणाचीही जागा कमी होत नाही, कट-ऑफ खाली येत नाही. ‘सरळ मेरिट’ म्हणणाऱ्यांनाही यावर हरकत घ्यायला जागा नाही.

५० टक्क्यांच्या मर्यादेचा प्रश्न यातून सुटत नाही, तो दिल्लीत सुटायचा आहे. पण तुमच्या गावच्या शाळेत पुढच्या वेळी दोनच आकडे विचारा : पाचवीत मुलं किती, आणि नवोदयचे अर्ज किती? या दोन आकड्यांतला फरक म्हणजे मेरिट लिस्ट लागायच्या आधीच यादीबाहेर गेलेली मुलं.