नकारांची वही आणि दोन पानांचा सीव्ही

एमएस्सी झाली, नेट किंवा गेटही पास झालात, पंधरा-वीस ठिकाणी अर्ज केले आणि हाती काहीच नाही. मग घरचे म्हणतात, "आता बँकेच्या परीक्षा दे." हळूहळू आपल्यालाही वाटायला लागतं, की संशोधन आपल्याला जमणारं नाही. पण जरा थांबा. प्रयोग फसला की आपण लगेच विषय सोडतो का? कुठल्या पायरीवर फसला ते शोधतो. नकारांचंही तसंच करायचं.

एका वहीत तीन रकाने आखा आणि प्रत्येक अर्ज योग्य रकान्यात लिहा.

१. मुलाखतीला बोलावलंच नाही.
२. मुलाखत झाली, पण निवड नाही.
३. प्रतीक्षा यादीत नाव लागलं किंवा जागाच रद्द झाली.

दुसरा रकाना भरलेला असेल तर सीव्ही त्याचं काम करतोय. त्याला हात लावू नका. स्वतःच्या एमएस्सी प्रकल्पावरचे प्रश्न तयार करा: हीच पद्धत का, कंट्रोल काय होता, निकाल उलटा आला असता तर? तिसऱ्या रकान्यातले नकार मनाला लावून घेऊ नका. प्रकल्पात अनेकदा जेआरएफची एकच जागा असते, त्यामुळे तिथे दुसरा आलेलाही पात्रच असतो.

पहिला रकाना भरला असेल, तर मात्र सीव्ही उघडा.

जेआरएफच्या जाहिरातीत साधारणपणे दोन गोष्टी असतात: इसेन्शियल आणि डिझायरेबल पात्रता. छाननीत आधी इसेन्शियल पाहतात. म्हणून पदवी, टक्के, नेट-गेट हे पहिल्या अर्ध्या पानातच दिसायला हवं. त्याखाली डिझायरेबलशी जुळणारं काम. म्हणजे सीव्ही एकच असला, तरी दर जाहिरातीला त्यातला क्रम बदलतो.

कौशल्यांची नुसती यादी देऊ नका. 'पीसीआर, जेल, एचपीएलसी येतं' यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'सहा महिन्यांच्या प्रकल्पात मातीच्या ४० नमुन्यांतून डीएनए वेगळा केला, पीसीआर स्वतः केले.' जे केलं तेच लिहा, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच ओळीवर येतो. वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती हे अर्जात मागितलं नसेल तर काढा. तो लग्नाचा बायोडेटा झाला. वर्षभराची गॅप असेल तर लपवू नका. 'नेटची तयारी' एवढं लिहिलं तरी पुरतं.

आता मनाचं. इतरांच्या सीव्हीत त्यांचे नकार दिसत नाहीत, म्हणून आपलेच तेवढे जास्त वाटतात. मेलनी स्टीफन या संशोधिकेने २०१० मध्ये 'नेचर'मध्ये सुचवलं, की आपल्या अपयशांचाही सीव्ही ठेवा. २०१६ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातले प्राध्यापक योहानेस हाउसहोफर यांनी स्वतःचा तसा सीव्ही सर्वांसमोर ठेवला. न मिळालेले प्रवेश, न मिळालेल्या नोकऱ्या, परत आलेले शोधनिबंध, सगळं त्यात होतं.

तेव्हा दर पाच अर्जांनंतर वही उघडा. कालपर्यंत पहिल्या रकान्यात जाणारे अर्ज आता दुसऱ्यात जायला लागले असतील, तर समजा, गाडी पुढे सरकतेय. सहाव्या अर्जाची तयारी तिथूनच सुरू करा.