सातव्या पायरीवरची नोंद

१२ ऑगस्ट २०१४ रोजी जगभरातले अनेक मोठे राउटर एकाच दिवशी धापा टाकू लागले. इंटरनेटवरच्या मार्गांची जागतिक यादी त्या दिवशी ५ लाख १२ हजारांपलीकडे गेली. निमित्त ठरली व्हेरायझन ही अमेरिकी कंपनी: तिच्या जाळ्यातून सुमारे १५ हजार नवे मार्ग अचानक जाहीर झाले. सिस्कोच्या ६५०० आणि ७६०० मालिकेतल्या कित्येक यंत्रांत मार्ग साठवणारी ‘टीकॅम’ नावाची वेगवान स्मृती असते, आणि तिच्यात आयपीव्ही-४ साठी मुळातच ५१२ ‘के’ एवढी जागा राखलेली होती. ती भरली की उरलेले मार्ग खास चिपऐवजी साध्या प्रोसेसरच्या गळ्यात पडतात. ईबेसारख्या सेवाही त्या दिवशी अडखळल्या.

राउटरांनी हे सांगितले नव्हते असे नाही. जागा ९५ टक्के भरल्यावर त्यांच्या लॉगमध्ये, म्हणजे घटनांच्या नोंदवहीत, गांभीर्याच्या चौथ्या पायरीचा इशारा उमटत असे. प्रत्यक्षात जागा संपली की ‘एफआयबी टीकॅम एक्सेप्शन’ अशी ओळ येई, काही नोंदी आता सॉफ्टवेअरमधून हाताळल्या जातील असा खुलासा तिच्यासोबत असे, आणि त्या ओळीवर आकडा असे ७. गंमत अशी की या मोजपट्टीत शून्य सर्वांत गंभीर आणि सात सर्वांत किरकोळ. म्हणजे ‘भरत आले’ हा इशारा वरच्या पायरीवर, आणि ‘भरले, आता सांभाळा’ ही बातमी तळाला! त्यात सिस्कोचे राउटर मध्यवर्ती सर्व्हरकडे न सांगता फक्त सहाव्या पायरीपर्यंतच्या नोंदी पाठवतात. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर भरवसा ठेवून बसलेल्याला ही सातव्या पायरीची ओळ दिसण्याची शक्यताच कमी.

या पायऱ्या ज्या ‘सिसलॉग’ पद्धतीतून आल्या, ती एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सेंडमेल या टपाल-प्रणालीसाठी तयार केली. ती इतकी सोयीची निघाली की राउटर, स्विच, फायरवॉल, सगळ्यांनी उचलली. तिचे लेखी वर्णन मात्र २००१मध्ये झाले आणि रीतसर मानक २००९मध्ये आले. इमर्जन्सी, अलर्ट, क्रिटिकल, एरर, वॉर्निंग, नोटिस, इन्फर्मेशनल, डीबग अशी ती उतरंड. कोणत्या घटनेला कोणती पायरी द्यायची, हे मात्र यंत्राचे सॉफ्टवेअर लिहिणारा ठरवतो. त्याला त्या क्षणी जे वाटले ते त्याने लिहिले; तो राउटर पुढे बँकेत बसणार की कॉलेजात, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही.

म्हणून जाणता अभियंता आकड्याआधी घड्याळ पाहतो. सिस्कोच्या नोंदीत वेळेच्या आधी तारांकन दिसले तर ती वेळ विश्वासाची नाही, असे राउटर स्वतःच कबूल करत असतो. घरगुती राउटर वीज येऊन सुरू झाला की पहिल्या काही ओळी १ जानेवारी १९७०च्या निघतात, कारण युनिक्सची कालगणना तिथून सुरू होते. इंटरनेटवरून खरी वेळ मिळाल्यावरच तो वर्तमानात येतो. सिसलॉगच्या जुन्या धाटणीत तर वर्ष आणि टाइमझोन लिहिण्याची सोयच नव्हती. मुंबईतला राउटर भारतीय वेळ लिहितो आणि सिंगापूरचा जागतिक प्रमाणवेळ, अशा वेळी दोन्हीकडच्या ओळी शेजारी ठेवल्या तर परिणाम आधी आणि कारण साडेपाच तासांनी मागाहून घडल्यासारखे दिसते. भारतात सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत लॉग १८० दिवस जपण्याच्या सक्तीबरोबरच घड्याळे जुळवण्याचीही सक्ती आहे, ती उगाच नाही.

घड्याळ जुळले की ओळींचा क्रम बोलू लागतो. समजा, बीजीपीचा, म्हणजे मार्गांची देवाणघेवाण करणारा, शेजारी राउटर तुटल्याची नोंद आली. तिच्या क्षणभर आधी ‘लिंक डाऊन’ असेल, तर गोष्ट सरळ आहे: केबल, फायबर किंवा पोर्ट. रस्ता खोदणाऱ्या जेसीबीची चौकशी करायला हरकत नाही. लिंकबद्दल अवाक्षर नाही आणि कारण ‘होल्ड टाइम एक्स्पायर्ड’ असे लिहिले आहे, तर समोरून ठरल्या वेळात हालहवाल आलेली नाही. सिस्कोच्या नेहमीच्या मांडणीत ही मुदत १८० सेकंदांची असते. तार शाबूत, पण मधला कुठलासा स्विच निकामी झालेला किंवा समोरचे यंत्र गुदमरलेले, असा संशय घ्यायचा. आणि या सगळ्याच्या मिनिटभर आधी कोणी तरी कन्सोलवरून कॉन्फिगरेशन बदलल्याची पाचव्या पायरीची साधी ‘नोटिस’ सापडली, तर पुढचा तपास यंत्राचा नसून माणसाचा. किती तरी मोठ्या बिघाडांचे मूळ अशा निरुपद्रवी दिसणाऱ्या ओळीत असते.

अलार्मचा स्वभाव वेगळा. लॉगमधली ओळ घडून गेलेले सांगते. अलार्म ही चालू अवस्था, कारण दूर होईपर्यंत तो पेटलेला राहतो. पंखा बंद, तापमान जास्त, दुसरा वीजपुरवठा गेलेला. ज्युनिपरच्या राउटरांत अलार्म लाल आणि पिवळा, असे दोनच रंगांचे. यातला पिवळा फसवा. संकटकाळासाठी राखीव कॉन्फिगरेशन जतन केले नाही, एवढ्यावरूनही तो पेटतो. कित्येक ठिकाणी तो महिनोन्महिने तसाच असतो, आणि खरोखर काही बिघडते तेव्हा त्या पिवळ्या दिव्याकडे पाहण्याची कोणाला सवयच उरलेली नसते. यात दोष यंत्राचा कमी. एका आज्ञेने विझणारा दिवा पेटता ठेवणाऱ्यांचा जास्त.

घरच्या फायबर कनेक्शनच्या डब्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा लुकलुकू लागला तर प्रकाश पोहोचत नाही, एवढे बहुतेकांना आता कळते. वीज गेली तर हाच डबा उरल्यासुरल्या विद्युतभारावर कंपनीकडे शेवटचा निरोप धाडतो. त्याला नावच ‘डाइंग गॅस्प’. त्यावरून फायबर तुटली की नुसती बत्ती गुल झाली, हे माणूस न पाठवता समजते. उलट, घरगुती राउटरच्या लॉगमध्ये ‘डॉस अटॅक’ वाचून घाबरणाऱ्यांनी थोडे थांबावे. संपलेल्या जोडणीचे उशिरा आलेले पॅकेटही कित्येक राउटर हल्ला म्हणून नोंदवतात.

सिसलॉगची आणखी एक खोड अशी की त्याचे निरोप बहुधा यूडीपीवरून जातात, पोचपावतीशिवाय. ज्या वाटेने निरोप जायचा तीच तुटली, तर तुटल्याची खबरही वाटेतच हरवते.

याचे एक महागडे उदाहरण कॅनडाचे. ८ जुलै २०२२च्या पहाटे रॉजर्स कंपनीने जाळ्याच्या सुधारणेत एक फिल्टर काढून टाकला. मार्गांचा लोंढा मुख्य राउटरांवर आदळला आणि ते कोसळले. १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहकांची सेवा गेली, आपत्कालीन ९११ क्रमांकाला फटका बसला, देशभर डेबिट कार्डे चालेनात. दूरसंचार नियामकाने झोना पार्टनर्सकडून करून घेतलेल्या चौकशीत दिसले की राउटरांची देखरेख करणारे जाळेही त्याच मुख्य जाळ्यावर विसंबून होते. त्रुटींचे लॉग राउटरांत होते; तिथवर जाण्याचा रस्ता बंद होता. कर्मचाऱ्यांचे फोनही रॉजर्सचेच, त्यामुळे एकमेकांना गाठण्यासाठी प्रतिस्पर्धी कंपन्यांची सिमकार्डे आणावी लागली. मूळ कारण हाती यायला सुमारे १४ तास लागले. या कामाची जोखीम कंपनीच्या प्रणालीने आरंभी ‘उच्च’ ठरवली होती. आधीचे टप्पे सुरळीत पार पडल्यावर तिने ती सहाव्या टप्प्यासाठी स्वतःच ‘कमी’वर आणून ठेवली होती.