पाच वॅट पुष्कळ होतात

इलेक्ट्रिक गिटार वाजविण्यास नुकताच आरंभ केलेला मनुष्य व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावयाचा म्हणून दुकानात शिरतो, तेव्हा त्याची दृष्टी प्रथम जाते ती वॅटच्या आकड्यावर. आणि शंभर वॅटच्या यंत्राशेजारी मांडलेले पाच वॅटचे यंत्र म्हणजे केवळ पोरखेळ, असा ग्रह करून घेऊन तो खिशाला झेपेल तेवढा मोठा आकडा पदरात पाडून घेतो. घरी आल्यावर आवाजाची कळ एकाच्या पुढे सरकविण्याची मुभा त्याला ना शेजारी देतात ना घरची माणसे, आणि ज्या स्वराच्या ओढीने एवढा खर्च केला तो स्वर त्या यंत्रातून निघण्याचा योगच येत नाही. यात दोष यंत्राचा नसून निवडीचा आहे. आणि तो कसा, हे कळावयाचे तर व्हॉल्व्ह ही वस्तू आत काय करते याचा थोडा तपशील पाहणे जरूर आहे.

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली एक काचेची नळी. तिच्यातील तापलेल्या कॅथोडपासून सुटणारे इलेक्ट्रॉन समोरच्या प्लेटकडे धाव घेतात, आणि वाटेत बसविलेल्या जाळीवर गिटारकडून आलेला क्षीण विद्युत्दाब जसजसा चढतो-उतरतो तसतसा हा प्रवाह कमीअधिक होऊन मूळ लहरीची मोठी प्रतिकृती तयार होते. जाळीची ही युक्ती अमेरिकेतील ली डी फॉरेस्ट याने 1906 साली काढली आणि पुढे पन्नासएक वर्षे रेडिओ, सिनेमा, टेलिफोन अशा सर्व खात्यांवर तिचाच अंमल चालला. कळ फिरविल्यावर विविधभारती ऐकू येईपर्यंत थोडे थांबावे लागे असा रेडिओ ज्यांच्या घरी होता, त्यांचा या वस्तूशी परिचय जुनाच आहे. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही असे व्हॉल्व्ह तयार होत. ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओतून व्हॉल्व्हची हकालपट्टी झाली. गिटारवाल्यांनी मात्र त्याला सोडले नाही, आणि त्याचे कारण निव्वळ भावुकता हे नव्हे.

साधा ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर आपल्या कुवतीची सीमा येईपर्यंत निमूटपणे काम करतो आणि सीमा येताच ध्वनिलहरीचा माथा एकदम सपाट कापून टाकतो, त्यामुळे कानाला करकर जाणवते. व्हॉल्व्ह सीमेच्या आधीपासूनच हळूहळू दबू लागतो. लहरीचे टोक तुटण्याऐवजी गोल होते, मूळ स्वरात नसलेले उपस्वर त्यात मिसळतात, आणि तार सप्तकात ताण पडल्यावर कसलेल्या गायकाच्या आवाजाला जशी धार येते तशी धार गिटारला येते. हळू छेडल्यास स्वच्छ आणि जोराने छेडल्यास खरखरीत, असा हा स्वर वाजविणाऱ्याच्या बोटांच्या आज्ञेत राहतो. परंतु हा गुण व्हॉल्व्ह राबविल्याखेरीज प्रकट होत नाही. शंभर वॅटचे यंत्र अर्ध्या वॅटवर चालविणाऱ्याच्या पदरी व्हॉल्व्हची किंमत, त्याचे ओझे आणि त्याची देखभाल एवढेच पडते.

या बाबतीत एरिक क्लॅप्टनची दोन ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवून ऐकण्यासारखी आहेत. 1966 साली जॉन मेयॉलच्या ‘ब्लूज ब्रेकर्स’ या ध्वनिमुद्रिकेच्या वेळी तो लंडनच्या डेका स्टुडिओत मार्शलचा, बारा इंची दोन स्पीकर असलेला, तीस-पस्तीस वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन गेला, आणि स्टुडिओच्या दस्तुराप्रमाणे आवाज बेताचा ठेवण्यास त्याने साफ नकार दिला. यंत्र पूर्ण ताकदीने चालले तरच आपल्याला हवा तो स्वर निघतो, हे त्याचे म्हणणे तंत्रदृष्ट्या अगदी रास्त होते. पुढे 1970 साली मायामी येथे ‘लेला’ची ध्वनिमुद्रिका झाली तेव्हा त्याने आणि ड्वेन ऑलमनने फेंडर कंपनीचा ‘चँप’ वापरला. आठ इंची स्पीकर, अखेरच्या टप्प्यात 6व्ही6 जातीचा एकच व्हॉल्व्ह, आणि शक्ती सुमारे पाच वॅट, असे हे यंत्र मुळात विद्यार्थ्यांसाठी बनविलेले. ती गिटार ऐकून यंत्राचे आकारमान ओळखून दाखवावे, असे आव्हान मी खुशाल देईन.

आता हिशेब पाहू. शक्ती दुप्पट केली की ध्वनीची पातळी केवळ 3 डेसिबलने वाढते, आणि कानाला आवाज दुप्पट वाटावा यासाठी सुमारे 10 डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. अर्थात पन्नास वॅटचे यंत्र पाच वॅटच्या यंत्राहून दसपट नव्हे, दुप्पटच मोठे ऐकू येते. गिटारचा चांगला स्पीकर एका वॅटला एक मीटर अंतरावर 98 डेसिबलच्या आसपास आवाज देतो. पाच वॅटला हा आकडा 105 वर जातो. आपल्या सरकारच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी विभागासाठी दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबल अशी मर्यादा घातलेली आहे. मोजमापाची जागा निराळी असल्याने हे आकडे समोरासमोर ठेवणे शास्त्रशुद्ध नव्हे. तथापि दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पाच वॅट म्हणजे काय प्रकरण आहे याची कल्पना यावी.

यास्तव घरासाठी एक ते पाच वॅट, यापलीकडे जाण्याचे प्रयोजन मला दिसत नाही. मोठेच यंत्र घेऊन ते दाबावयाचे असेल तर दोन तजविजी आहेत. आवाजाची दुसरी कळ, जिला मास्टर व्हॉल्यूम म्हणतात, ती पहिल्या टप्प्यातील छोट्या व्हॉल्व्हना राबवू देते आणि शेवटच्या टप्प्याला आवरून धरते. अ‍ॅटेन्युएटर नावाची पेटी स्पीकरच्या अलीकडे बसून बरीचशी शक्ती उष्णतेच्या रूपाने उधळून टाकते. थोड्या प्रमाणात दोन्ही उपयोगी पडतात. पण आवाज फारच खाली आणल्यावर स्वर निस्तेज वाटतो, आणि त्याचा दोष पेटीला दिला जातो तो पुष्कळदा अन्यायाने. हळू आवाजात मानवी कानाला खर्जाचे आणि अतितीव्र स्वर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 सालीच दाखवून दिले आहे.

छोट्या कार्यक्रमाचा प्रश्न वेगळा. तेथे सोबत ड्रम वाजविणारा असतो, आणि त्याच्या पुढे पाच वॅटची गिटार स्वच्छ स्वरात टिकत नाही. बारा ते बावीस वॅट हा त्यासाठी योग्य पल्ला होय. फेंडरचा प्रिन्स्टन रिव्हर्ब 12 वॅटचा, ब्लूज ज्युनियर आणि व्हॉक्सचा एसी-15 हे 15 वॅटचे, तर 1963 साली निघालेल्या डिलक्स रिव्हर्बची आजची आवृत्ती 22 वॅटची. ज्याला शेवटपर्यंत निर्मळ स्वर हवा त्याने डिलक्स घ्यावा. ज्याला खरखर प्रिय आहे त्याला पंधरा वॅट भरपूर, कारण सभागृह मोठे असेल तर स्पीकरसमोर मायक्रोफोन ठेवता येतो आणि मग सारी जबाबदारी ध्वनिव्यवस्थेची. यंत्र जमिनीवर न ठेवता खुर्चीवर ठेवावे किंवा मागे कलते करावे. स्पीकरमधून तीव्र स्वर सरळ रेषेत जातात. यंत्र पायाशी ठेवणारा ते गुडघ्यांना ऐकवतो, स्वतःला मंद वाटले म्हणून कळ वाढवितो, आणि पहिल्या रांगेतील श्रोते कान झाकून घेतात.

स्वराच्या जातीविषयी फार लिहीत नाही, कारण तो रुचीचा मामला आहे. 6व्ही6 व्हॉल्व्हच्या अमेरिकी यंत्रांचा स्वर मोकळा आणि किंचित पोकळ, तर ईएल-84 वर चालणाऱ्या व्हॉक्ससारख्या इंग्रजी यंत्रांचा ठसठशीत आणि झगझगीत, असे सामान्यतः म्हणतात. पण हे भेदही पाण्यावरच्या रेघा आहेत. ज्या मार्शलला लोक अस्सल इंग्रजी म्हणतात त्याचे पहिले यंत्र 1962च्या सुमारास जिम मार्शलच्या लंडनमधील ड्रमच्या दुकानात जन्मले, ते फेंडरच्या बासमनची जोडणी समोर ठेवून.

खरेदीस जाताना स्वतःची गिटार न्यावी. प्रथम गिटार न जोडता कळ वाढवून नुसती गुणगुण ऐकावी. थोडी असावयाचीच, फार असू नये. मग पाठीमागे जाऊन चालू यंत्रातील छोट्या व्हॉल्व्हवर पेन्सिलीच्या टोकाने हलकेच टिचकी मारावी: स्पीकरमधून बारीक टकटक आली तर चिंता नाही, घंटेसारखा नाद घुमला तर तो व्हॉल्व्ह बदलावयास झालेला आहे. मोठ्या व्हॉल्व्हच्या आत नारिंगी तार दिसावी. काचेवर निळसर आभा दिसली तरी हरकत नाही. पण आतली करडी प्लेट लाल होऊ लागली तर यंत्र तत्काळ बंद करावे.

ज्यांचे परदेशातील नातलग भेट म्हणून अमेरिकेतून अ‍ॅम्प्लिफायर आणतात, त्यांच्यासाठी एक इशारा. तेथील वीज 120 व्होल्ट आणि 60 आवर्तनांची, आपली 230 व्होल्ट आणि 50 आवर्तनांची. व्होल्ट उतरविणारा ट्रान्सफॉर्मर बाजारात मिळतो, आवर्तने मात्र बदलत नाहीत, आणि केवळ साठांसाठी बेतलेला ट्रान्सफॉर्मर येथे अधिक तापतो. म्हणून यंत्रावरील मजकुरात 50/60 असे लिहिले आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय भेट स्वीकारू नये. घरातील अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत पोहोचते का, याचीही वायरमनकडून खात्री करून घ्यावी.

स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचे यंत्र चालविणे म्हणजे त्यातील सर्वांत महाग भागांपैकी एक, आउटपुट ट्रान्सफॉर्मर, जाळण्याची जोखीम पत्करणे होय. आत तीनशे-चारशे व्होल्टचा दाब असतो आणि वायर काढून ठेवल्यावरही तो धारित्रांत साठून राहतो. झाकण उघडण्याचे काम जाणत्यावरच सोपवावे. छोटे व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे टिकतात, मोठे वापराप्रमाणे झिजतात. आज ते मुख्यत्वे रशिया, चीन आणि स्लोव्हाकियात तयार होतात, आणि 2022 साली रशियाने निर्यातीवर बंदी घातल्याची वार्ता येताच किमती कशा उसळल्या हे लक्षात ठेवून मोठ्या व्हॉल्व्हचा एक जादा संच कपाटात ठेवणे इष्ट.

नोकरी सांभाळून ज्याला वाजविण्यास रात्री दहानंतरच सवड मिळते, त्याने मात्र तूर्त व्हॉल्व्हच्या वाटेला जाऊ नये. व्हॉल्व्हच्या वर्तनाचे गणित करून तोच स्वर हेडफोनमध्ये देणारी यंत्रे आता पुष्कळ चांगली झाली आहेत. फेंडरनेच 2019 साली डिलक्स रिव्हर्बची अशाच गणितावर चालणारी, पण स्पीकर असलेली प्रतिकृती काढली. मूळ यंत्राचे वजन एकोणीस किलोंच्या घरात, तर हिचे साडेदहा, आणि वर शक्ती कमी करण्याची कळही आहे. जिने चढून तिसऱ्या मजल्यावर जावयाचे असेल तर हाही हिशेब धरावा.