ज्यूदोचा उगम व विस्तार

बलाढ्य प्रतिस्पर्धी रेटूं लागला असतां त्याला उलट रेटणें ही मनुष्याची सहजप्रवृत्ति आहे. ज्यूदोचा जाणकार मात्र किंचित् मागें सरतो. समोरचा आपल्याच जोरानें पुढें झुकतो, त्याचा तोल सुटतो, आणि त्याच क्षणीं तो जमिनीवर येतो. ‘ज्यू’ म्हणजे मृदुता व ‘दो’ म्हणजे मार्ग. ह्या मार्गाचे प्रवर्तक जिगोरो कानो (१८६०–१९३८) हे होत.

कानो ह्यांचें तारुण्य मेईजी राजवटींत गेलें. १८७६ सालीं सामुराई योद्ध्यांना तलवार बाळगण्याची बंदी झाली. नव्या जपानची दृष्टि पश्चिमेकडे वळली, आणि ‘जुजुत्सु’ ही झुंजीची जुनी विद्या टाकाऊ ठरूं लागली. अंगानें लहानखुऱ्या कानोंनीं विद्यार्थिदशेंत तिच्या दोन संप्रदायांचें शिक्षण घेतलें. घातक डाव त्यांनीं मोकळ्या सरावांतून वगळले, न दुखावतां पडावें कसें हें शिकविलें, आणि प्रतिपक्ष्याचा तोल बिघडविणें हें प्रत्येक फेकीचें मूळ मानलें. १८८२ सालीं टोकिओच्या एइशोजी मंदिरांत, अवघ्या बारा चटयांच्या जागेंत, त्यांनीं ‘कोदोकान’ हा आखाडा काढला. शक्तीचा उत्तम विनियोग आणि परस्परांचें कल्याण हीं दोन सूत्रें त्यांनीं पुढें ज्यूदोस घालून दिलीं.

दुसरें सूत्र आचरण्यास कठीण होतें. कारण विद्या सर्वांस दिली कीं तिच्यावरील स्वामित्व सुटतें. १९१८ सालीं लंडनमध्यें गुंजी कोइझुमी ह्यांनीं ‘बुदोक्वाइ’ ही संस्था स्थापिली. १९४८ सालीं त्याच शहरीं युरोपीय संघ उभा राहिला. अर्जेंटिनानें त्यांत प्रवेश मागितला तेव्हां एका खंडाची चौकट अपुरी पडली, आणि १९५१ सालीं आंतरराष्ट्रीय महासंघ जन्मास आला. १९५२ सालीं त्याचें अध्यक्षपद कानोंचे पुत्र रिसेइ ह्यांजकडे आलें. आज आफ्रिका, आशिया, युरोप, ओशनिया व अमेरिका असे पांच खंडसंघ महासंघांत आहेत. आपापल्या खंडाच्या स्पर्धा ते भरवितात. जागतिक स्पर्धांचे नियम महासंघ ठरवितो.

स्वामित्व सुटल्याची प्रचीति १९६४ सालीं आली. टोकिओच्या ऑलिंपिक सामन्यांत ज्यूदोचा प्रथमच समावेश झाला होता. खुल्या गटाच्या अंतिम झुंजींत डच मल्ल आंतोन गेसिंक ह्यानें जपानच्या अकिओ कामिनागाला जमिनीवर जखडून हरविलें. हर्षभरित डच पाठीराखे आखाड्यांत धांवूं लागतांच गेसिंकनें हात वर करून त्यांना थोपविलें. यजमानांस तो पराभव फार लागला. परंतु विजयाच्या क्षणींहि प्रतिपक्ष्याचा मान राखावा ही कानोंची शिकवण त्या परदेशी मल्लाच्या अंगीं पुरती उतरली होती.