पान लागल्यावर : सर्पदंशाविषयीचे गैरसमज आणि महाडमधील संशोधन

वैद्यकीय संशोधन महानगरांतील मोठ्या महाविद्यालयांतच होते, हा समज निदान विषबाधेच्या बाबतीत तरी खरा नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील, महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेथे लाल विंचवाच्या दंशाने अत्यवस्थ झालेल्या रुग्णांची त्यांनी बारकाईने निरीक्षणे केली आणि हृदयावरील परिणामांची पूर्वलक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात मांडली. पुढे प्राझोसिन, म्हणजे आकुंचित रक्तवाहिन्या सैल करणारे रक्तदाबावरील औषध, त्यांनी या विषबाधेवर वापरले आणि पूर्वी चाळीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले. सर्पदंशाच्या रुग्णांवरील त्यांचे लेखनही याच परिसरातील अनुभवातून झाले असून २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली.

ग्रामीण भागात ज्याला ‘पान लागणे’ म्हणतात, त्या सर्पदंशाबाबतचा सर्वांत घातक गैरसमज असा, की सूज आणि वेदना नसतील तर विष चढलेले नाही. घोणस व फुरसे यांच्या दंशात सूज येते, रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. मण्यार मात्र बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंशाची खूण अनेकदा सापडतही नाही आणि पहाटे रुग्ण केवळ पोटात दुखत असल्याची तक्रार करतो. त्यानंतर पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येईनासे होते आणि अखेर श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. पावसाळ्यात पोटदुखीने उठलेल्या माणसाच्या पापण्या पाहणे हे म्हणूनच घरातल्यांचेही काम आहे.

कडुनिंबाचा पाला कडू लागला म्हणजे विष नाही, ही सर्रास केली जाणारी परीक्षा निरर्थक आहे, कारण चव कळण्याचा विषबाधेशी संबंध नाही. भगताकडे नेल्यावर रुग्ण बरा झाला असे जे सांगितले जाते, त्यामागे बहुधा दंश बिनविषारी सापाचा असतो किंवा विषारी सापाने विष सोडलेलेच नसते. दोरीने आवळून बांधल्यास अवयवाचा रक्तपुरवठा तुटून तो सडू शकतो. चीर दिल्यास, विशेषतः रक्त गोठत नसताना, रक्तस्राव थांबत नाही.

रुग्णालयातील निर्णायक चाचणी मात्र अगदी साधी आहे. शिरेतले थोडे रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेऊन ती वीस मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग तिरकी करतात. रक्त पातळच राहून ओघळले, तर विष रक्तात भिनले आहे असे समजून प्रतिसर्पविष सुरू करतात. लोक ज्याला ‘सापाची लस’ म्हणतात ते प्रतिसर्पविष वस्तुतः लस नव्हेच: घोड्यांना अल्प मात्रेत विष टोचून त्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये त्यात असतात. भारतातील हे औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बनवलेले असल्याने चापडा या विषारी सापाच्या किंवा विंचवाच्या दंशावर त्याचा भरवसा धरता येत नाही. विंचवावरील प्रतिविष निराळे असते, आणि ते प्राझोसिनसोबत दिल्यास रुग्ण केवळ प्राझोसिनपेक्षा लवकर सावरतो, हे महाड येथील अभ्यासाने २०११ मध्ये दाखवून दिले.

लहान मुलाला प्रतिसर्पविषाची मात्रा कमी द्यावी, हा समज तर सुशिक्षितांतही आढळतो. साप मोठ्या माणसाला जितके विष टोचू शकतो तितकेच मुलालाही टोचतो, आणि औषधाला ते विष निष्प्रभ करायचे असते. मात्रा म्हणून दोघांना सारखीच लागते.

देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे आणि त्यांतील बहुसंख्य खेड्यांतले, रुग्णालयाबाहेरचे आहेत. पान लागलेल्या माणसाला चालू न देता, दंशाचा अवयव स्थिर ठेवून, १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने किंवा मिळेल त्या वाहनाने थेट रुग्णालयात न्यावे. साप शोधण्यात वेळ घालवू नये.